परदुःख शीतळ

बुऱ्हाणपुरास जाणारा प्रवासी बहुधा असीरगड पाहतो, शहरातील शाही किल्ल्यात हमामखान्याच्या छतावरची रंगीत नक्षी पाहतो, आणि हाताशी वेळ उरल्यास तापी ओलांडून पैलतीरावरील झैनाबादेकडे वळतो. तेथे आहूखाना नावाचे एक जुने स्थळ आहे. एके काळी ते मोगलांचे मृगवन होते; आज तेथे पडझड झालेल्या काही इमारती तेवढ्या उभ्या आहेत. शहाजहान बादशहाची बेगम मुमताजमहल हिचा देह प्रथम ठेवला गेला तो येथे. दख्खनच्या मोहिमेसाठी बादशहाचा तळ बुऱ्हाणपुरास पडला होता. इ. स. १६३१ च्या जून महिन्याच्या १७ तारखेस, चौदाव्या बाळंतपणात, बेगमेचा अंत झाला. तिचे वय त्या वेळी अवघे ३८ वर्षांचे होते. एकोणीस वर्षांच्या संसारात तिला चौदा अपत्ये झाली; त्यांतील सात जगली. त्याच वर्षीच्या डिसेंबरात तिचे शव आग्र्यास नेण्यात आले, आणि पुढे यमुनेच्या काठी जे उभे राहिले ते साऱ्या जगाला ठाऊक आहे. त्या बाळंतपणात जन्मलेली मुलगी गौहरआरा मात्र वाचली, आणि इ. स. १७०६ पर्यंत जगली.

ताजमहाल पाहणाऱ्याच्या मनात प्रेम येते, वैभव येते, काळाची गती येते. आहूखान्यात उभे असता आमच्या मनात निराळेच आले. बेगम सुमारे तीस तास कळा देत होती असे लिहिले जाते. ज्या पुरुषाच्या एका शब्दावर दख्खनच्या वाटेने फौजा चालत होत्या, त्याला आपल्या पत्नीची घटकाभराची कळ उणी करता आली नाही. पदरी हकीम होते, दाया होत्या, खजिना होता. परंतु आज तालुक्याच्या गावी दाताच्या डॉक्टराकडेही काचेच्या लहानशा कुपीत जे औषध सापडते, ते त्या दिवशी पृथ्वीच्या पाठीवर कोठेच नव्हते.

हा विचार आम्हांस सुचला त्याला एक निमित्त घडले होते. आम्ही ज्या मराठी कुटुंबात उतरलो होतो तेथील नात पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली होती. इंदुरास तिला तपासणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी सांगितले होते की, इच्छा असल्यास पाठीतून औषध देऊन कळा सौम्य करता येतील. तसे करावयाचे असेल तर प्रसूती इंदुरास करावी लागेल. रात्रीच्या जेवणानंतर हा विषय निघाला. घरातील आजीबाई ऐंशीच्या पुढच्या. त्या म्हणाल्या, "मला पाच झाली. पाचही या माजघरात, सुईणीच्या हातून. देवानं बाईला कळा दिल्या त्या काही उगीच नाही दिल्या. कळ सोसल्याशिवाय आईपण कळत नाही." नात काही वेळ गप्प राहिली, आणि मग हळूच म्हणाली, "आजी, पण तुला तेव्हा कुणी विचारलं होतं का, तुला काय हवंय ते?" आजीबाईंनी उत्तर दिले नाही. आम्हीही दिले नाही. परंतु प्रश्न आमच्याबरोबर नदीपलीकडे आला, आणि तेथून या पानांपर्यंत आला आहे.

प्रश्न असा : प्रसूतीची किंवा शस्त्रक्रियेची वेदना औषधाने घालविणे हे धर्मास, निसर्गक्रमास किंवा मातृत्वास बाधक आहे काय? आणि वेदना सोसणे हा जर सद्गुण असेल, तर तो कोणाचा सद्गुण?

प्रथम ही वस्तू काय आहे ते पाहू. इ. स. १८४६ मध्ये अमेरिकेतील बॉस्टन शहरी ईथर हुंगवून रोग्याला भूल देण्याचा जाहीर प्रयोग यशस्वी झाला. पुढच्याच वर्षी एडिंबरोच्या डॉ. जेम्स सिम्प्सन यांनी प्रसूतीत प्रथम ईथर आणि नंतर क्लोरोफॉर्म वापरले. या दोहोंनी वेदना जाई, पण तिच्याबरोबर सगळी शुद्धच जाई. मूल जन्मले तरी आईला त्याचा पत्ता नसे. १८८४ मध्ये व्हिएन्नातील कार्ल कोलर या तरुण नेत्रवैद्याने कोका नामक वनस्पतीपासून काढलेल्या कोकेनचे थेंब डोळ्यात घातले, आणि वैद्यकाला नवीनच गोष्ट दिसली. डोळा बधिर झाला होता, माणूस मात्र पूर्ण जागा होता. कोकेन विषारी आणि व्यसन लावणारे. म्हणून त्याहून निर्धोक द्रव्यांचा शोध सुरू झाला. जर्मनीत आइनहॉर्न यांनी विसाव्या शतकाच्या आरंभीच, १९०४ च्या सुमारास, नोव्होकेन तयार केले. १९४३ मध्ये स्वीडनच्या लोफग्रेन यांनी लिग्नोकेन तयार केले, आणि ते आजही दातापासून टाक्यापर्यंत सर्वत्र वापरले जाते.

याचे कार्य समजण्यास कठीण नाही. मज्जातंतूतून जाणारा निरोप हा एक विद्युत्प्रवाहच होय. तंतूच्या आवरणात सूक्ष्म दारे असतात. त्यांतून सोडियमचे कण आत शिरले की निरोप पुढे सरकतो. औषध ही दारे काही काळ बंद करते. जखम तेथेच असते, सुरी तेथेच असते. फक्त तिची वार्ता मेंदूस पोहोचत नाही. तास-दोन तासांनी दारे उघडतात आणि तंतू पूर्ववत होतो. १८९८ मध्ये कील येथील ऑगस्ट बिअर यांनी कोकेन पाठीच्या कण्यातील द्रवात घालून कमरेखालचा भाग बधिर केला. सुई मणक्यांमधून जाते ती मज्जारज्जू जेथे संपतो त्याच्या खाली, म्हणून रज्जूस इजा होत नाही. आज पोट फाडून केलेल्या बहुतेक प्रसूती याच रीतीने होतात. साध्या प्रसूतीत रज्जूच्या आवरणाबाहेर केसासारखी बारीक नळी ठेवून औषध थोडे थोडे देता येते. मग कळ येते, ती आल्याचे कळते, पण ती जाळीत नाही.

येथे आमच्या भाषेतील एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. 'वेदना' हा शब्द 'विद्' म्हणजे जाणणे या धातूपासून आला. 'वेद' ज्या धातूपासून आला त्याच धातूपासून. जणू जाणणे आणि दुखणे ही एकाच घरची. क्लोरोफॉर्मने दोन्ही एकदम विझत. स्थानिक भुलीने प्रथमच ती दोन निरनिराळी करून दाखविली : आई जागी आहे, बोलते आहे, मुलाचे पहिले रडणे ऐकते आहे, आणि दुःख मात्र नाही. म्हणून जुन्या आक्षेपांपैकी एक, की भुलीने स्त्री आपल्या आयुष्यातील थोर क्षणास मुकते, तो या औषधापुढे उरत नाही. राहिलेले आक्षेप तीन.

पहिला आक्षेप ईश्वरी नियमाचा. सिम्प्सन यांच्यावर काही ख्रिस्ती धर्मनिष्ठांनी हाच आक्षेप घेतला होता, कारण बायबलाच्या आरंभीच स्त्रीने दुःखात प्रसवावे असे वचन आहे. सिम्प्सन यांनी उत्तर त्याच ग्रंथातून दिले : आदिपुरुषाची बरगडी काढण्यापूर्वी देवाने त्याला गाढ निद्रा आणली होती. पुढे १८५३ मध्ये राणी व्हिक्टोरियाने डॉ. जॉन स्नो यांच्या हातून प्रसूतीसमयी क्लोरोफॉर्म घेतले, आणि वादाची धार बरीच बोथट झाली. आपल्याकडे तसा शाप नाही. परंतु आपण त्याच्या जागी प्रारब्ध आणून बसवितो. 'तिच्या नशिबी होते ते तिने भोगले' हे वाक्य किती घरांत किती वेळा उच्चारले गेले असेल! पण प्रारब्धाचा हा हिशेब नेहमी अर्धाच मांडला जातो. कळ जर प्रारब्धाने आली, तर कळ शमविणारा वैद्यही प्रारब्धानेच दारी आला असे का म्हणू नये? तहान लागली असता प्रारब्ध म्हणून कोणी पाणी नाकारीत नाही.

आमच्या पूर्वजांनी तर ते कधीच नाकारले नाही. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात शस्त्रकर्मापूर्वी रोग्याला जेवू घालावे, आणि मद्य घेणाऱ्यास तीक्ष्ण मद्य पाजावे, म्हणजे तो मूर्च्छित होत नाही व त्याला शस्त्र कळत नाही, असे सांगितले आहे. मूढगर्भासारख्या कर्मात मात्र रुग्णेस उपाशी ठेवण्याची आज्ञा आहे. आजचा भूलतज्ज्ञही पोट रिकामे आहे ना, हेच प्रथम विचारतो. साधन तोकडे होते, पण दृष्टी स्पष्ट होती : वेदना हा वैद्याचा विषय आहे. कल्याणच्या आनंदीबाई जोशी यांनी १८८६ मध्ये अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथे वैद्यकाची पदवी घेतली, तेव्हा त्यांनी प्रबंधाचा विषय निवडला तो आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्राचा. चौदाव्या वर्षी बाळंत होऊन दहा दिवसांचे मूल गमावलेल्या त्या स्त्रीला आपली परंपरा प्रसूतीविषयी काय सांगते हे जाणून घ्यावेसे वाटले, यात नवल नाही. त्यांना ती परंपरा उपचारांची म्हणून दिसली. नुसत्या सोसण्याची म्हणून नव्हे.

दुसरा आक्षेप मातृत्वाचा : कळ सोसल्याशिवाय आईपण नाही. आजीबाईंच्या तोंडी तो अनुभवाचा होता, म्हणून त्याचा अनादर करावा असे आम्हांस वाटत नाही. परंतु आमच्या देवळांत ज्या मातेचे गुणगान पिढ्यान्‌पिढ्या चालले आहे, तिच्याकडे पाहावे. भागवताच्या दशम स्कंधात सांगितले आहे की, यशोदेला मूल झाल्याचे कळले, पण थकव्याने तिला इतकी गाढ झोप आली की ते मूल मुलगा की मुलगी हेही तिच्या स्मरणात राहिले नाही. आणि जो कृष्ण तिने वाढविला तो तर तिच्या उदरीचा नव्हताच. असे असता आईपणाचे उदाहरण द्यावयाचे झाले की आपल्या ओठी देवकीच्या आधी यशोदेचे नाव येते. मातृत्व जर कळांच्या मापाने मोजावयाचे असते, तर गोकुळाची सारी कथाच आपणांस सोडून द्यावी लागली असती.

तिसरा आक्षेप सर्वांत भारी आहे, तो तितिक्षेचा. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात भगवंत अर्जुनास सांगतात की, शीतोष्ण आणि सुखदुःख ही येतात नि जातात, ती सहन कर. श्रीशंकराचार्यांच्या नावे चालत आलेल्या विवेकचूडामणीत तर तितिक्षेचे लक्षण अधिक कडक केले आहे : सर्व दुःखे प्रतिकार न करता, चिंता व विलाप न करता सहन करणे. 'प्रतिकार न करता' हे शब्द डावलून चालणार नाही. मग वेदनेवर औषध घेणे हा तितिक्षेचा भंग नव्हे काय?

आमचे उत्तर असे की, ही वचने कोणाला उद्देशून आहेत ते पाहावे. ती साधकाला, त्याच्या स्वतःच्या दुःखासंबंधी, सांगितलेली आहेत. दुसऱ्याच्या दुःखाविषयी तीच गीता सहाव्या अध्यायात निराळे माप देते : जो स्वतःच्या उपमेने सर्वांचे सुखदुःख समान पाहतो तो योगी श्रेष्ठ. म्हणजे आपल्या दुःखाला तितिक्षा, दुसऱ्याच्या दुःखाला आत्मौपम्य. ही दोन मापे आहेत, आणि आपली सर्व गफलत त्यांची अदलाबदल करण्यात आहे. स्वतःचे डोके दुखले की आपण लगेच गोळी शोधतो, आणि माजघरात कळा देणाऱ्या सुनेला मात्र तितिक्षा शिकवितो. कुंतीने विपत्ती मागितली ती आपल्यासाठी मागितली. शेजारणीसाठी मागितली असती तर तिला कोणी भक्त म्हटले नसते. रंतिदेवाने स्वर्ग मागितला नाही, मोक्ष मागितला नाही; सर्व प्राण्यांचे दुःख आपल्याकडे यावे आणि ते दुःखमुक्त व्हावेत एवढेच मागितले. आणि सतराव्या अध्यायात मूढ हट्टाने देहाला पीडा देऊन केलेल्या तपास तामस म्हटले आहे, हेही विसरता कामा नये. तितिक्षा हे असे एकच व्रत आहे की जे दुसऱ्याच्या वतीने घेता येत नाही. ते दुसऱ्यावर लादले की त्या क्षणी त्याचे नाव बदलते.

खरी तितिक्षा या औषधाच्या इतिहासातच आम्हांस दिसते. कोलर आणि त्यांचा सहकारी यांनी कोकेनचे थेंब स्वतःच्या डोळ्यांत घालून टाचणीचे टोक बुबुळास लावून पाहिले. बिअर आणि त्यांचे सहायक हिल्डेब्रांट यांनी पाठीतील सुईचा प्रयोग एकमेकांवर करण्याचे ठरविले; बधिर झालेल्या नडगीवर हातोडीचे घाव घालून पाहिले, आणि नंतर कित्येक दिवस डोकेदुखी व वांत्या भोगल्या. लिग्नोकेन प्रथम टोचून घेतले ते लोफग्रेन यांचा तरुण सहकारी लुंडक्विस्ट याने, स्वतःच्याच देहात. या माणसांनी दुःख सोसले. परंतु ते स्वतः निवडून, आणि दुसऱ्याचे दुःख जावे म्हणून. त्याला तप म्हणावयास आम्हांस संकोच वाटत नाही.

आपल्या मराठीत एक जुनी म्हण आहे : परदुःख शीतळ. दुसऱ्याचे दुःख आपणांस थंड लागते. जो बोलू शकत नाही त्याचे तर अधिकच थंड. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत पुष्कळ मोठमोठ्या रुग्णालयांतून नवजात अर्भकांवर नाममात्र भूल देऊन शस्त्रक्रिया होत. इतक्या लहान जिवाला वेदना नीट कळत नाहीत, आणि भूल त्याला सोसणार नाही, असे विद्वान मानीत. ही समजूत हलविणाऱ्यांत कंवलजीत सिंग आनंद हे प्रमुख होत. त्यांचे वैद्यकीय शिक्षण बुऱ्हाणपुराहून फार दूर नसलेल्या इंदूरच्या महाविद्यालयात झाले. पुढे ऑक्सफर्ड येथे संशोधन करून १९८७ मध्ये त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की, पुरेशी वेदनाशामक भूल दिलेल्या अपुऱ्या दिवसांच्या अर्भकांच्या देहावर शस्त्रक्रियेचा ताण कमी पडतो आणि त्यांची प्रकृतीही अधिक स्थिर राहते. ज्या रडण्यास आपण केवळ रडणे म्हणत होतो ते सांगणे होते. बाळंतिणीचे ओरडणेही असेच शतकानुशतके 'होतेच तसे' म्हणून ऐकले गेले.

आता दुसरी बाजूही प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. हे औषध म्हणजे वरदान नव्हे. ते एक साधन आहे. त्याने रक्तदाब उतरू शकतो, क्वचित काही दिवस तीव्र डोकेदुखी राहते, प्रसूतीचा अखेरचा टप्पा थोडा लांबतो, आणि जाणता भूलतज्ज्ञ जवळ नसेल तर ते देऊच नये. 'पाठीतल्या इंजेक्शनाने जन्माची कंबर गेली' हे मात्र घरोघर ऐकू येत असले तरी अभ्यासाच्या कसोटीस उतरलेले नाही. कंबर दुखते ती बहुधा गरोदरपणाने, ओझ्याने आणि विश्रांतीच्या अभावाने.

त्याहून मोठी गोष्ट अशी की, मुमताजमहल वेदनेने मेली नाही. ती बहुधा प्रसूतीनंतरच्या रक्तस्रावाने मेली, आणि चौदा बाळंतपणांनी झिजलेल्या देहाने मेली. केवळ कळ शमविणाऱ्या सुईने ती वाचली नसती. तिला वाचवावयास रक्त हवे होते, रक्त थांबविणारे औषध हवे होते, वेळीच शस्त्रक्रिया हवी होती. बधिर करण्याची विद्या त्या शस्त्रक्रियेची वाट मोकळी करते, एवढेच. २०१८ ते २०२० या काळातील सरकारी नमुना नोंदणीप्रमाणे दर एक लाख जिवंत जन्मांमागे भारतात ९७ माता दगावल्या; महाराष्ट्रात ३३, तर मध्य प्रदेशात १७३. म्हणजे तापीच्या या काठावर आजही बाईचा जीव प्रथम राखावयाचा आहे. ते करीत असताना तिची वेदना ही ऐषआरामाची बाब ठरवून बाजूस सारणे आम्हांस मान्य नाही. कारण जेथे तिच्या दुःखाकडे लक्ष जात नाही, तेथे तिच्या रक्ताकडेही उशिराच लक्ष जाते.

आणि उलट दिशेचाही हट्ट नको. एखादी स्त्री म्हणेल, मला औषध नको, मी कळा सोसूनच मूल जन्मास घालीन. तिला भ्याड किंवा अडाणी म्हणण्याचा अधिकार डॉक्टरासही नाही. तिची तितिक्षा तिने स्वतः निवडलेली आहे, म्हणूनच ती तितिक्षा आहे. सुईण असो, कोकणीतील वैजीण असो की पदवीधर भूलतज्ज्ञ असो, तिच्याजवळ बसणाऱ्याचे पहिले काम विचारण्याचे आहे.

बुऱ्हाणपूर सोडण्याच्या सकाळी आजीबाई ओसरीवर तांदूळ निवडीत बसल्या होत्या. आम्ही नमस्कार केला. नात आत होती. आजीबाईंनी सूप खाली ठेवले आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, "तिसऱ्या खेपेला मी देवाला म्हटलं होतं, मला ने. मूल राहू दे, मला ने. दोन रात्री झाल्या होत्या. हे मी कुणाला सांगितलं नाही, यांनासुद्धा नाही." मग थोडे थांबून म्हणाल्या, "पोरीला म्हणावं, तुला हवं ते कर. मी येते इंदुराला."

त्यांनी सूप पुन्हा उचलले. आम्ही काही बोललो नाही. साठ वर्षे एका माजघरात राहिलेली ती गोष्ट ऐकणारे आम्ही पहिलेच होतो, आणि तीही त्यांनी सांगितली ती नातीने प्रश्न विचारल्यावर.